ठकीने एकही टेक बिघडवला नाही

गुणाची पोर! गुणाची पोर! अहो, ऐकून ऐकून कान किटले माझे! येतो तो तेच म्हणतो. तुम्हाला सांगते, मागे एकदा विजेचं मीटर बघायला माणूस आला. त्याचा आमच्या घराशी संबंध काय, तर आकडा लिहून घ्यायचा आणि पुढच्या दाराला जायचं. तो दारात उभा, आत मागच्या खोलीत ड्रमचा दणदणाट चाललेला, भिंतीवरचं घड्याळ थरथरतंय, तो बिचारा घसा ताणून विचारतोय, "मीटर कुठाय, मीटर?" आणि माझ्या खांद्यावर ठकी... गाढ झोपलेली! तोंड उघडं, लाळ माझ्या पाठीवर. तो माणूस आकडा घ्यायचा विसरला. म्हणाला, "काय गुणाची पोर आहे हो!"

मला त्याला थांबवून विचारावंसं वाटलं, भाऊ, तुम्हाला हे जरा विचित्र नाही वाटत? पण कुठल्या तोंडाने विचारणार? मी काही विचारलं की लोक एकमेकांकडे बघतात. काळजीच्या बाबतीत माझी ख्याती आहे ना! ठकीला उचकी लागली की डॉक्टर, उचकी थांबली की का थांबली म्हणून डॉक्टर. एकदा पोरीचे ओठ निळे पडले म्हणून मी तिला अनवाणी घेऊन धावले. डॉक्टरांनी कापसाने पुसले तर निळं सगळं कापसावर. नव्या दुपट्याचा रंग! चोखत होती ती. डॉक्टर म्हणाले, "बाळ छान आहे. आता तुम्ही घरी जाऊन झोपा." आणि सासूबाई तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिला काळजी करायला काही उरलं नाही, की हिला त्याची काळजी लागते."

तर अशा बाईचं कोण ऐकणार, सांगा!

बरं, हा दणदणाट कसला ते सांगायचं राहिलं. आमच्या यांचा बँड आहे. रॉक बँड. पण नुसतं रॉक म्हटलं की यांना राग येतो, 'मेलोडिक रॉक' म्हणायचं. मी पडले सातवी शिकलेली, मी विचारलं, म्हणजे काय हो? तर म्हणाले, "वरून दणका असतो, पण दणक्याच्या आत मऊ गाणं असतं." म्हटलं, म्हणजे तुमच्या आईसारखं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. आतलं मऊ गाणं काही त्या दिवशी बाहेर आलं नाही.

आणि बँड स्वतंत्र आहे बरं का! स्वतंत्र म्हणजे काय, तर कुणी विचारत नाही. कंपनी नाही, मालक नाही, स्टुडिओ नाही. गाणी यांचीच, रेकॉर्डिंग यांचंच, आणि खोली माझी. हे गातात आणि गिटार वाजवतात, एरवी लोकांचे फ्रिज दुरुस्त करतात. ड्रमवर धडाम. नाव वेगळं आहे, पण आता त्याची आईसुद्धा धडामच म्हणते. वाचनालयात कामाला आहे. आठवडाभर लोकांना 'शूऽऽ' करतो आणि रविवारी दुपारी आमच्याकडे येऊन त्याचा सूड उगवतो. तिसरा खांब. तो ती जाड तारांची बेस गिटार वाजवतो, आणि वाजवताना तसूभर हलत नाही, म्हणून खांब. मागच्या खोलीच्या भिंतींना आवाज घुमू नये म्हणून गाद्या ठोकल्यात. घरातल्या सगळ्या गाद्या! आम्ही सतरंजीवर झोपतो, भिंती गादीवर.

आणि रेकॉर्डिंग सुरू झालं की घरात संचारबंदी. पंखा बंद. फ्रिज बंद, घुंऽऽ करतो म्हणून. दूध नासलं तरी चालेल, गाणं नासता कामा नये. दाराची बेल काढून ठेवायची. खोकायचं नाही, भांडं घासायचं नाही, पाय घासत चालायचं नाही. पहिलं रेकॉर्डिंग झालं तेव्हा मी पोटुशी होते. चार गाणी, सगळी कानठळ्या बसवणारी, आणि तिसऱ्यात सासूबाईंची शिंक आहे. लोकांना वाटतं झांज आहे. कुणीतरी इंटरनेटवर गाण्याखाली कौतुकही लिहिलंय, झांज काय जागेवर पडली म्हणून! तेव्हापासून सासूबाई बँडकडे जरा आपुलकीने बघतात.

मग ठकी झाली आणि यांचा साऊंड बदलला. असंच म्हणतात ते, 'आपला साऊंड बदलतोय.' बाप झालो, आता आरडाओरडा नको, सूर लांबवायचे, गिटार झुळझुळ वाजवायची. दुसऱ्या रेकॉर्डिंगला तान्हं बाळ घरात, सगळे धास्तावलेले, आता ही रडणार, आता ही टेक बिघडवणार... टेक म्हणजे एकदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलेलं गाणं. माझ्याकडून बिघडला एक, झारा पडला हातातून. सासूबाईंकडून बिघडले. धडामला स्वतःलाच ढेकर आला. पण ठकीने? एकही टेक बिघडवला नाही! काठ्या आपटून धडाम 'वन टू थ्री फोर' ओरडायचा, दारामागे पाळण्यात ठकी झोपलेली. ड्रम सुरू, ठकी झोपलेली. कपाटावरून सुटकेस पडली, आम्ही सगळे किंचाळलो, ठकी झोपलेली!

"रक्तातच आहे!" हे म्हणाले.

"वहिनी, पोटात असल्यापासून ऐकतेय ती," धडाम म्हणाला, "सवय झालीय."

"गुणाची पोर," सासूबाई म्हणाल्या.

आणि मला काही ते पटेना.

कारण, तुम्हीच सांगा, मीही नऊ महिने ती गाणी ऐकली होती की! मला का नाही झाली सवय? मी अजून दचकते.

मग मी चोरून बघायला लागले. कुणी नसताना तिच्या पाठीमागे टाळी वाजवायची. ठकी आपली पायाचा अंगठा तोंडात घालण्यात गर्क. एकदा ताट आपटलं, तर वळली! मी रडायच्या बेतात, आनंदाने हो, आणि मग बघते तर ताटाची सावली तिच्या अंगावरून गेली होती. पुन्हा आपटलं, सावली न पाडता. नाही वळली. पुन्हा. नाही. तेवढ्यात सासूबाई आल्या. म्हणाल्या, "भांड्यांवर राग कशाला काढतेस? काय झालं ते सरळ बोल." सरळ बोलले. त्या हसल्या. "अगं, तुझ्या नवऱ्याला तरी कुठे ऐकू येतं हाक मारलेली? बापावर गेलीय."

यांना म्हटलं, अहो, जरा जोरात वाजवा ना. त्या झुळझुळीने काय होतंय! दणका द्या! हे बघतच राहिले. इतकी वर्षं मी 'हळू, हळू' म्हणून कोकलत होते, आणि आता मीच ड्रमच्या खोलीचं दार सताड उघडून पाळणा पुढे ढकलतेय! हे गहिवरले. खांबाला म्हणाले, "हिला आता रॉक कळायला लागलं." कपाळ!

आणि मग एका रविवारी काय झालं... ठकी रांगायला लागली होती, रांगत रांगत मागच्या खोलीत गेली आणि खांबाच्या पायाशी जाऊन बसली. खांबाने सगळ्यात जाड तार छेडली. घुम्म्म... आणि ठकी हसली! अशी हसली, की दोन्ही दात दिसले. थांबला, तर हिचा चेहरा पडला. पुन्हा छेडली, पुन्हा खळखळून! मी दारात उभी. ऐकू येतं! माझ्या पोरीला ऐकू येतं! मी उगाच... सगळे म्हणतात तेच खरं, मी वेडी आहे, आणि वेडी असण्याचा असा आनंद मला जन्मात झाला नव्हता. त्या दिवशी खांबाला मी चहा दिला, पुन्हा चहा दिला, खायला दिलं, जाताना डबा दिला. धडाम रुसला. "वहिनी, इतकी वर्षं मी घाम गाळतोय, आणि पोरगी फिदा या न हलणाऱ्यावर!"

त्यानंतर, खोटं कशाला सांगू, मी चार घास सुखाने जेवत होते.

मग नव्या रेकॉर्डिंगचं सुरू झालं. हे म्हणाले, गाण्याच्या शेवटी ठकीचं हसू घालायचं. कल्पना छान. माईक लावला, फ्रिज बंद, पंखा बंद, मी श्वास बंद. खांबाने तार छेडली, ठकी हसली, पण हसताना पाय आपटते ना ती, फरशीवर धप धप धप, ते माईकमध्ये येत होतं. हे म्हणाले, "गादी आण." भिंतीवरची एक काढली, घडी घालून पलंगावर टाकली, वर रजई, आणि त्यावर ठकी. राणीसारखी. "हं, खांब्या, घे."

घुम्म्म...

ठकी रजईचा धागा ओढत होती.

"मोठ्याने घे." घुम्म्म! माझ्या दातांत कळ गेली. ठकीचं लक्ष धाग्यात. खांब वाकला, तिच्या पाठीशी बसून वाजवलं. काही नाही.

"मूड गेला तिचा," धडाम म्हणाला. "कलाकार आहे!" सगळे हसले.

मी तिला उचललं आणि खाली फरशीवर ठेवलं. खांबाला म्हटलं, भावजी, आता. त्याने छेडली. आणि ठकी हसली. उचलून पलंगावर, काही नाही. फरशीवर, हसली. पुन्हा वर. पुन्हा खाली. "अगं, तिला खेळणं केलंस की काय?" हे ओरडले. मी खाली वाकले, फरशीवर तळहात टेकला. खांबाने वाजवलं, आणि मला हाताला कळलं. फरशी थरथरत होती. माझी पोर ऐकत नव्हती हो... तिला बुडाखाली गुदगुल्या होत होत्या!

बंद फ्रिजमधलं पाणी तेवढं टपकत होतं. खांबाने गिटार गळ्यातून काढली आणि अशी कोपऱ्यात ठेवली, जणू तिनेच चहाडी केली.

मग कानाच्या तपासणीला गेलो. तिथे एक खोली असते, चारी भिंती जाड मऊ, दार लोटलं की बाहेरचं जग बंद. आणि आमचे हे, तुम्हाला सांगते, तसल्या प्रसंगी आत पाऊल टाकताच भिंत दाबून म्हणाले, "काय खोली आहे! इथे ड्रम काय स्वच्छ येतील!" मी नुसतं बघितलं. बिचारा भेदरला होता माणूस, भेदरला की तो कामाचं बोलतो.

ठकी माझ्या मांडीवर. हे काचेपलीकडे, तपासणाऱ्या बाईंच्या शेजारी. बाई म्हणाल्या, "आई, आवाज आला तरी तुम्ही हलायचं नाही, बाळ तुमच्याकडे बघून हलतं." बरं. आयुष्यभर दचकणाऱ्या बाईला सांगतात हलू नका! आवाज आला. बारीक. मग मोठा. मग त्याहून मोठा. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाजाने हो, आवाजानेच, मी दगडासारखी बसले, आणि ठकी माझ्या बटणाशी खेळतेय. काचेतून मला यांचं तोंड दिसत होतं. नंतर कळलं काय बोलत होते ते. "बाई, वाढवा ना अजून जरा." बाई म्हणाल्या, "याच्यापुढे मशीन जात नाही."

सुरात केसभर फरक पडला तर गाणं थांबवणारा माणूस तो.

पुढे डोक्याला तारा लावून दुसरी तपासणी केली. त्यासाठी बाळ शांत झोपलेलं लागतं. बाहेर लोकांची मुलं थोपटून थोपटून आया रडकुंडीला आलेल्या, आणि आमची आडवी केली की गाढ. तिथली नर्स म्हणाली... हो, तेच म्हणाली. मी भिंतीकडे तोंड केलं.

दोन्ही कान. जवळजवळ काहीच नाही. आता कानांमागे यंत्रं आहेत, त्यांनी कितपत भागतं ते बघायचं, नाही भागलं तर ऑपरेशन, तेही होईल की नाही ते डॉक्टर बघून सांगणार. ठकी यंत्र ओढून काढते आणि तोंडात घालते. जरा सैल बसलं की ते शिट्टी मारतं, कुंईऽऽ करून, मग हे हातातलं टाकून धावत येतात, "फीडबॅक येतोय, फीडबॅक!" घरात सगळ्यांच्या डोक्यात जाते ती शिट्टी. जिच्या कानाला आहे ती सोडून.

सासूबाईंनी 'गुणाची पोर' म्हणणं बंद केलं. एकदा सवयीने 'गुणाची' पर्यंत आल्या आणि उठून आत गेल्या. मग मलाच कसंसं झालं. मी म्हटलं, म्हणा हो, काही चूक नाही त्यात.

आणि यांचा साऊंड पुन्हा बदलला. कुणी काही ठरवलं नाही. पुढच्या रविवारी धडाम आणि खांब आले, बसले, गाद्या भिंतींवरून काढल्या आणि खांबाच्या बेसचा स्पीकर फरशीवर पालथा ठेवला. यांनी गिटारच्या वरच्या बारीक तारा वाजवणंच सोडलं. गातातसुद्धा खाली, छातीतून. धडाम मोठा ड्रम नुसता पायाने देतो. खिडकीची तावदानं वाजतात, मांडणीतल्या वाट्या सरकत सरकत काठाशी येतात, खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन भांडून जाते. आणि मध्ये ठकी, पोटावर पालथी, गाल फरशीला लावून. पूर्ण गाणं संपेपर्यंत हलत नाही.

ते रेकॉर्डिंग यांनी परवा लोकांसाठी टाकलं. हे फोन घेऊन बसलेले, खाली कुणीतरी लांबलचक लिहिलेलं. मला वाचून दाखवलं. "पहिल्यापासून तुम्हाला ऐकतोय. केवढे सुरेल होतात! आता नुसतं घुमतं. काय गाताय, एक शब्द ऐकू येत नाही. फार वाईट वाटलं."

फोन हातात तसाच. मला म्हणाले, "काय उत्तर देऊ गं याला?"

मी ठकीची यंत्रं पुसत होते. म्हटलं, लिहा, पहिल्यांदा आम्हालाही फार वाईट वाटलं. होते सवय.