साडूचा खडा आन् माजं मेडिक्लेम

...आन् वर बाटली हलवून दाखवतोय ओ! खुळखुळ, खुळखुळ! घरात पावनं टेकत न्हाईत तोवर आमचा साडू दस्तगीर शोकेस उघडतोय, काचंची बाटली काडतोय आन् म्हनतोय, “पित्ताशयातला खडा हाय. बगा, बगा, हातात घ्या. एक पैसा लागला न्हाय, समदं कारखान्यानं केलं.” चहाच्या आदी खडा! आता तुमाला सांगतो, खडा केवडा? हरभऱ्याएवडा. पर रुबाब? खानीतनं हिरा काडल्यागत!

का? तर कारखान्यात पर्मनंट! त्येला दवाखान्यात एकट्याला खोली, खोलीत टीव्ही, टीव्हीला रिमोट... मी बगाय गेलतो, तर पडल्या पडल्या चॅनेल बदलत हुता आन् मलाच म्हनतोय, “इलाही, तू बी एकदा ऑपरेशन करून घे की. लई आराम मिळतोय.” आराम? आरं, माज्या दुकानात मालक मीच, कामगार मीच, झाडू मारनारा बी मीच! रिक्षाची कुशनं शिवतोय मी. मी आडवा झालो की कंपनी आडवी! गेल्या साली अपेंडिक्स उठलं, तर दोनातलं एक शिलाई मशीन इकलं तवा दवाखान्यातनं सुटलो. आन् माजं अपेंडिक्स कुनी बाटलीत घालून दिलं का? न्हाय! सासऱ्यानं तरी इचारलं का, “जावईबापू, कसं हाय?” न्हाय! समदं सासर त्या खड्याभोवती! जळतोय मी. व्हय, जळतोय, खोटं कशाला बोलू? त्येला हाय, मला न्हाय!

आता एकच मशीन राह्यलंय. उद्या परत पोटात कायतर उठलं तर काय सुई-दोऱ्यानं शिवू कुशनं? मग भिशी लागली तवा बायकोला म्हनलं, फातिमा, आता मागं फिरायचं न्हाय, आपुन बी मेडिक्लेम काडायचं. आमच्या गल्लीतला कृष्णात एजंट हाय. टाय लावतोय, पर चप्पल कोल्हापुरी. त्यो म्हनला, “उत्तम निर्णय इलाहीभाई! फक्त तुमचं वय बगता कंपनीचा डॉक्टर तुमाला एकदा तपासनार. पुढच्या शनवारी.”

तपासनार! आता तुमीच सांगा, आपल्या कोल्हापुरात तपासून घेत्यात ते काय बगून घेत्यात? म्हैस घेताना काय बगता? पैलवान मैदानात उतरला की पब्लिक काय बगतंय? बकरं घेताना आमी हात कुटं लावतोय? अंग बगत्यात ओ, अंग! वाळलेला मानूस कंपनी कशाला घील? मी तर सुतळीगत. म्हनलं, आठ दिवस हायत, भरून काडू! तालमीत केरबा वस्ताद हाय, त्येला इचारलं. त्यो म्हनला, “इलाही, खुराक लाव. आन् डाक्टरपुढं छाती फुगवून जा.”

लावला खुराक! सकाळी दूध कट्ट्यावर, म्हशी पिळत्यात तितंच उभं ऱ्हाऊन धारोष्ण दूध, फेस मिशीला. दुपारी मटान, रात्री पाया, झोपताना वाटीभर तूप. भिशीचं निम्मं पैसं मटनवाल्याकडं गेलं, म्हनलं जाऊ दे, बियानं हाय हे! चौथ्या दिवशी शर्टाचं बटन तुटलं, तर आनंदानं डोळ्यात पानी आलं ओ! आरशात बगून म्हनलं, आता आमाला बी खोली, आमाला बी रिमोट! त्येला हाय, मला बी व्हईल!

शनवारी गेलो. छाती फुगीवली, काट्यावर चढलो. डॉक्टर पोरगाच, काल शिकून आलेला. म्हनतोय, “काका, खिशात काय आहे?” म्हनलं, कात्री. “कात्री?” व्हय, कुशन कापायची. लोखंडी... दोन्ही खिशात! जरा वजनाला बरी पडती म्हनून आनलीती. त्येनं कात्र्या काडल्या, नाडी बगितली, रक्त घेतलं, परत माज्याकडं बगितलं... आन् कपाळाला हात लावला. चार दिवसांनी कृष्णात आला. टाय नव्हता. तवाच वळकलं!

“अवो इलाहीभाई, केलंसा काय हे? साखर वर, चरबी वर, बीपी तर छपरावर! कंपनी तुमाला काय कुस्तीला घेतीया? त्यास्नी आजारी न पडनारा गडी पायजे! वरीसभर थांबा म्हनत्यात. वजन उतरवा, रोज चाला, मग बगू.”

फातिमा काय म्हनली ठावं हाय? “अजी, अच्छे-भले थे, बीमार होने कू पैसे भरे!” दस्तगीर आजारी पडतोय तर कारखाना पैसं भरतोय, आन् आमी पदरचं भरून आजारी पडतोय! त्येला हाय, मला न्हाय!

मग लागलो चालाय. सकाळी रंकाळा तळ्याला. दुकान उघडाय उशीर हुतोय, दारात रिक्षावाले शिव्या घालत्यात, पर काय करनार? ते एक मशीन वाचवायचं तर चालायलाच पायजे! आन् परवा समोरनं कोन यावं? पांढरं बूट, गळ्यात टावेल... दस्तगीर!

म्हनलं, आरं, तू हितं?

“डॉक्टरनं सांगितलंय. साखर वाढलीया, महिनाभर चाल, आराम कर.”

म्हनलं, आन् ड्युटी?

“रजा हाय की. आजारपनाची... भरपगारी!”

भरपगारी! तुमाला सांगतो, आता रोज दोगं संगट चालतोय. रस्ता त्योच, घाम त्योच, साखर बी तीच... पर त्येला पावलागनिक पगार पडतोय! मी म्हनतोय, बाबा दस्तगीर, जरा पाय उचल की, दुकान उघडायचं हाय माजं. तर टावेलानं निवांत तोंड पुसतोय, तळ्याकडं बगतोय आन् म्हनतोय...

“सावकाश की इलाही. घाई कसली?”