लस दिल्यावर जुंपायचं न्हाई

बायांनो, सुईचं भेव मला न्हाई, आमच्या मालकालाच लई. मला आमवात हाय. माझं अंगच माझ्या सांध्यांशी भांडतंय, ते दबवायच्या गोळ्या चालू हायेत. डॉक्टर म्हणले, "ह्या गोळ्यांवर न्यूमोनिया झाला तर जड जाईल, लस घ्या." मालक म्हणले, "आधीच अंगात भांडण, त्यात लस कशाला?"

दुष्काळाचं साल. आमची म्हैस पाटोद्याकडं सोसायटीच्या चारा छावणीत, मालकही तिथंच मुक्कामाला. त्यांनी गुपचूप जनावरांच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणला, "वहिनींचं त्यांच्या डॉक्टरलाच विचारा. मला जनावराचं कळतं. लस दिल्यावर दोन दिवस जुंपायचं न्हाई, पाणी भरपूर पाजायचं."

मी लस घेऊन आले, तर मालक छावणी सोडून घरी हजर. टँकरवर हंडे त्यांनीच भरले, भाकरीही थापल्या. पाणी मापून वापरायचे दिवस, अन् माझ्यापुढं तांब्यावर तांब्या! मी वैतागून म्हणलं, "अवो, मी काय म्हैस हाय का?"

तांब्या तसाच पुढं धरून म्हणले, "म्हशीला टोचायच्या आदल्या राती मला झोप लागली होती."