पुदिन्याच्या कुकरमागं

हॅलो?… हां, सोनल, बोल. लवकर बोल, बॅटरी लाल झालीय. वायरीला मामंजींचं कानाचं मशीन लावलंय चार्जिंगला… स्टेटस बघितलास व्हय? आत्ताच टाकला. पाणी घातलं, फोटो काढला आन आत येऊन चहा ठेवला.

व्हय, आमच्या अंगणातच, भिंतीकडंला. टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटवर मांडलंय. एक कुंडी इकत आणली न्हाई… कडंला तेलाचा डबा, त्यात मोगरा. रंगाच्या बादल्यांत मिरच्या… हां, मधी जुना कुकर. गळतच व्हता, बुडाला भोकं पाडून पुदिना लावला. झाकण तेवढं ठेवलंय घरात, टाकवंना.

मागं?… कुकरच्या मागं काय?… भिंत हाय गं.

ठिपकं?… खताचं पोतं असंल. पोत्याला ठिपकं नसत्यात?… अगं ऐक ना, सांजंचं ऊन पानांतून पडतंय, त्याचं ठिपकं.

कान?… सोनल, असली थट्टा करू नको. परवाच बिबट्यानं वरच्या आळीतली शेळी नेली. सांज झाली की अख्खी अवसरी दारं लावून बसतीय, आन तू…

थांब. फोटो मोठा करून बघते.

…

आई गं.

हळू बोल. हळू… हायेत. कान हायेत. डोळा बी हाय, पुदिन्याच्या वर. माझ्याकडंच बघतोय.

दार?… नुसतं लोटलंय… कडी कशी लावू, सोनल? मामंजी बाहेर हायेत. वट्यावर, खुर्चीत.

खिडकीतनं दिसत्यात… डब्यांकडं पाठ करून चहाची वाट बघत बसलेत… हाक कशी मारू? मशीन हितं आत हाय. मी वरडले तर सासऱ्याला न्हाई, त्यालाच ऐकू जाईल.

हे मंचरला गेलेत… तू कर ना वनखात्याला, तुझ्या नवऱ्याच्या फोनवरनं कर… पण ते येईस्तवर मी काय करू?

मोगरा हलला… वारा न्हाई गं. मिरच्या न्हाई हलल्या.

मला लई भ्या वाटतंय, सोनल.

…मामंजी उठलं. तांब्या घेतला… अगं, मला म्हणत्यात, भंगाराची शेती केलीस. आन मी आत वळले की गुपचूप पाणी घालत्यात. घातलेल्याला परत घालत्यात… तिकडंच निघालेत. कुकरकडं.

न्हाई. न्हाई बसवत मला आत… झाकण कुठाय… बत्ता… वाजवत जाते… फोन ठेवू नको, कमरेला खोचते.

…

हाड्! हाड्!… मामंजी, मागं या! मागं!… हाड्!

…

हॅलो… हां. गेला. भिंतीवरनं उसात… आत आलो. दोघंबी आत हाय, कडी लावली… मामंजी चिडलेत, दंडाला धरून वढलं म्हणून. वढल्यावर माझ्याकडं वळले ना, त्यांना काई दिसलं न्हाई. माझा तांब्या पाडलास म्हणत्यात. चहा कुठाय म्हणत्यात.

सांगते त्यांना. जरा बसू दे मला.

…सोनल, फोटो काढताना कुकर वाकडा दिसत व्हता. मी खाली बसले. दोनी हातांनी सरळ केला. फांद्या पसरल्या व्हत्या, त्या बी बाजूला सारल्या. पुदिना नाकाला लागत व्हता माझ्या… तवा तो तिथंच व्हता.

न्हाई, रडत न्हाई.

तू फोन ठेवू नको. हे येईस्तवर बोलत राहा. काईबी बोल… डब्यांचं सोडून बोल… पोरांचं सांग, तुमच्या येडगावचं सांग…

हॅलो?… सोनल?… हॅलो?