गोलकीपर नवी, कच्ची

न्हाय न्हाय, बसा की अण्णा, पँटला अजून अर्धा तास हाय — अर्धा न्हाय, पाऊण धरा — आणि त्या बोर्डाकडं सारकं सारकं बघू नका, कोरा हाय म्हणजे कोरा हाय. व्हय, आज शनिवार हाय, मला ठावं हाय की, क्यालिंडर माझ्याबी भिंतीवर हाय. दर शुक्रवारी सांजच्याला करीम टेलर बोर्डावर लिवतो — शनिवार-रविवारच्या कॉलेजच्या फुटबॉलच्या मॅची, कोण जिंकणार, किती गोलनं — आणि सगळी गल्ली येऊन वाचती, फोटू काढती, मोबाईलवर फिरवती. ह्या आठवड्याला न्हाय लिवलं. का न्हाय? झालं सुरू. सकाळपासनं इचारणारं तुमी अकरावं. त्यो समोरचा चहावाला हिंदुराव तर मुद्दाम वरडून इचारतोय, करीमभाई, आज काय भविष्य? भविष्य म्हणं! मी काय पोपट घेऊन बसलोय का हितं?

भविष्य न्हायच ते, कापड हाय. तुमी मंद्रूपचं, तुमाला कसं ठावं असणार — ह्या भागातल्या सा कॉलेजच्या टीमांच्या जर्श्या माझ्याकडं येत्यात. नंबर लावायला, उसवलेलं शिवायला, कमी-जास्त करायला. गुरुवारी गठ्ठा येतो, शुक्रवारी जातो. आता बघा, निळ्यांची नऊ नंबरची जर्सी आली आणि तिला चिठ्ठी टोचलेली — बाही कमी करा. गोल मारणारं नऊ नंबरचं पोरगं तर आडदांड, हाताचं हे एवढं लांब, त्याची बाही कमी कशाला? म्हणजे त्यो उतरत न्हाय, पाय मुरगाळला असंल, दुसरं कोणतर बारकं उतरणार. म्हणजे निळ्यांचा गोल व्हत न्हाय. मग लिवायचं — निळे हारणार, एक-शून्य. आणि हारले की! माझा एकच नियम, अण्णा — नाव इचारायचं न्हाय. जर्सी कोणाची, कमी कशाला, कोण उतरणार, एक शब्द इचारायचा न्हाय. इचारून काय, कोणबी सांगंल. चार वर्सं झाली, दहातल्या आठ मॅची बरोबर. टीव्हीवर कोट घालून बसत्यात त्यांना तरी जमतंय का? न्हाय जमत.

आणि गेल्या आठवड्याला एक चुकली. एक! पाच बरोबर आल्या, त्यांचं कोण नाव काढत न्हाय. सगळ्यांच्या तोंडात त्या पिवळ्याच. पिवळ्या म्हणजे पोरींची टीम — पुलापलीकडच्या कॉलेजची. मी लिवलं होतं, पिवळ्या हारणार, चार-शून्य. आणि खाली अजून एक ओळ वाढवली, कशाला वाढवली देवाला ठाऊक, हात खाजतो माणसाचा — गोलकीपर नवी, कच्ची. आणि रविवारी काय झालं? पिवळ्या जिंकल्या. एक-शून्य. शेवटच्या मिनटाला पेनल्टी, आणि ती कच्ची गोलकीपर अशी आडवी उडाली म्हणं, बगल फाटली जर्सीची, पण बॉल आत जाऊ दिला न्हाय. मी ‘म्हणं’ बोलतोय, कारण मी बघितलं न्हाय. मी ग्राउंडवर कदी जात न्हाय. इथं बसून कळतंय तर ऊन खायला कशाला जायचं — असं म्हणायचो. हिंदुरावनं त्या दिवशी फुकट चहा वाटला गल्लीत. मलाबी आणून दिला, वर साखर जास्त घालून.

आता तुमी म्हणाल, चुकली तर चुकली, त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं. व्हय की. बरोबर हाय तुमचं. — कात्री सरकवा जरा इकडं, तुमच्या मांडीखाली हाय. न्हाय, ती उशी सरळ करू नका, ती अशीच राहणार आता, आतलं निम्मं निघालंय तिच्यातलं. सांगतो, सांगतो.

पिवळ्यांची एक नंबरची जर्सी — म्हणजे गोलकीपरची — माझ्या पोरीची. आयेशाची. हिथं गल्लीत सगळ्यांना ठावं हाय, तुमाला म्हणून सांगतोय. गेल्या साली मी असंच लिवलं होतं, पिवळ्या हारणार, तीन-शून्य, आणि हारल्या, तीन-शून्यच. माझं काय चुकलं? चुकलं का काय? घरी आली, बूटबी काढला न्हाय, दारातनंच म्हणली, अब्बा, एकदा तरी माझ्याबद्दल चुकीचं लिवायचं होतं. आणि मी काय म्हणलो? मी म्हणलो, बोर्डाला पोरगी नसती. लई भारी बोललो असं वाटलं तवा. हिंदुरावलाबी जाऊन सांगितलं, असं असं म्हणलो म्हणून. जूनमध्ये ती हास्टेलला गेली. बसनं यायला-जायला तरास व्हतो म्हणं. पंधरा मिनटाचा रस्ता हाय अण्णा! चालत गेलं तर चाळीस! कुर्डुवाडीहून पोरं रोज येऊन-जाऊन शिकत्यात, त्यांना तरास न्हाय, हिला पुलापलीकडनं तरास.

तर गेल्या गुरुवारी — म्हणजे ह्या न्हाय, त्याच्या आदल्या — पिवळ्यांचा गठ्ठा आला. त्यांची कॅप्टन काव्या घेऊन येती, चांगली पोरगी हाय, चाचा चाचा करती. एक नंबरच्या जर्सीला चिठ्ठी — दोन्ही बाजूंनी दोन-दोन इंच आत घ्या. आमची आयेशा तर अंगानं भरलेली, तिच्या अम्मीवर गेलीय, तिला दोन इंच आत कशाला लागंल? म्हणजे ती खेळत न्हाय. सोडला खेळ. कोणतर काडीपैलवान पोरगी उभी करत्यात तिच्या जागी. आणि खरं सांगू? मला बरं वाटलं. म्हणलं, खेळ सुटला म्हणजे हास्टेल सुटलं, म्हणजे येतीय आता घरी. त्याच भरात लिवलं ते बोर्डावर — नवी, कच्ची. गठ्ठा दिला तवा काव्या समोर उभी होती. एवढं इचारायचं होतं, काव्या, ही जर्सी कोणाची गं? पण न्हाय! नियम! नियमाला चाटायचंय का मला?

आणि वर अजून एक केलं. आता ही आमच्या धंद्यातली गोष्ट हाय — कपडा आत घेतला की जास्तीचं कापड कापायचं न्हाय, आतल्या आत शिवणीत ठेवायचं. अंगाचं काय, आज उतरतं, उद्या भरतं, मग उसवून परत सोडता येतं. तुमच्या पँटलाबी ठेवलंय दीड इंच, बघा हवं तर, लेकाच्या लग्नाच्या जेवणात कामाला येईल. घरच्या माणसाचं तर मी कदीच कापत न्हाय. पण टीमच्या जर्सीला ठेवत न्हाय, पळताना टोचतं. कचाकचा कापलं. ते कापड घातलं ह्या उशीत, चिंध्या आमी उशीतच घालतो. आणि तुमच्यासारखी दहा माणसं बसली त्याच्यावर आठवडाभर.

परवा गुरुवारी तीच जर्सी परत आली. बगल फाटलेली. काव्या म्हणली, चाचा, शनिवारी चारला मॅच हाय, तेवढी शिवून ठेवा, आयेशाला लागंल. मी म्हणलं, कोणाला? म्हणली, आयेशाला की, तुमच्या आयेशाला, तिचीच हाय. मी म्हणलं, ही? ही एवढीशी? तर त्या पोरीचं तोंड पडलं, इकडं तिकडं बघायला लागली. मग बोलली. दिवाळीच्या तोंडावर टायफॉईड झाला होता. चौदा दिवस दवाखान्यात. चौदा! आणि अनवरी — माझी बायको — रोज डबा घेऊन जात होती तितं, आणि मला सांगत होती, बहिणीच्या पोरीचं बाळंतपण हाय म्हणून! मी म्हणायचो सुद्धा, खिचडी जरा पातळ केलीस काय आज? जाती तर जा बाई, बाळंतिणीला बघ. घरात सगळ्यांना ठावं, टीमला ठावं, हिंदुरावला सुद्धा ठावं असंल, आणि आठ मैलांवरनं कापड बघून पाय कोणाचा मुरगाळला सांगणारा मी — मला न्हाय ठावं. मी तिच्या बरगड्यांवरनं चार इंच कापड कापलं आणि वर लिवलं, कच्ची!

घरी जाऊन वरडलो अनवरीवर. लई वरडलो. म्हणलं, मला का न्हाय सांगितलं? गवार मोडत बसली होती, मोडतच राहिली. मग काव्यालाच इचारलं दुसऱ्या दिवशी, नियम गेला खड्ड्यात, म्हणलं, पोरी, खरं सांग, मला कळवू नको असं कोण म्हणलं? म्हणली, आयेशाच. सलाईन लावलेली होती तवा. म्हणली होती — अब्बा कू नक्को बोलो, बोर्ड पे लिख देंगे.

…

चहा पिणार का? नको? मीबी न्हाय पीत, त्या हिंदुरावचा तर न्हायच.

ही बघा जर्सी. न्हाय, हात पुसा आदी. उशी फाडली, पिवळं कापड हुडकून काढलं, इस्त्री केली, आणि दोन्ही बगलंत परत जोडलं. जोड दिसतोय, व्हय, दिसतोय, मलाबी दिसतोय. चार इंच आत दाबून ठेवलंय. अंग भरलं की उसवायचं. कालच तयार झालीय. आज दोनला काव्या आली होती न्यायला, आणि मी तिला म्हणलं, झाली न्हाय गं अजून, तू जा, मी पाठवतो. तीस वर्सांत गिऱ्हाईकाला पयल्यांदा उलटं खोटं बोललो. तयार न्हाय त्याला तयार हाय म्हणतो आमी, तयार हाय त्याला तयार न्हाय कोण म्हणतंय?

किती वाजले? तीन? सव्वातीन? या अल्ला. उठा अण्णा, उठा. पँट? पँट सोमवारी. सोमवारी नक्की. अहो लग्न बुधवारी हाय ना लेकाचं? मग! मला पुलापलीकडं जायचंय, चालत, रिक्षात बसलो तर लवकर पोचीन आणि मग तितं काय बोलायचं. आता आणि काय? कोण जिंकंल? तुमी पण ना! मॅचचं मला काय ठावं, मी ह्या वेळंला नुसतं शिवलं आणि दिलं, अंदाज बांधलाच न्हाय. ती माझ्या हातनं ही जर्सी घेती का न घेती, ते सांगा की तुमी. न्हाय ना सांगता येत? मग सरका बाजूला, शटर वढायचंय मला.