कूलरचं तोंड

— नाई जी, पाणी कायचं जाईल त्याच्यात! खुशालभाऊ, तुमी पण ना. कंप्युटर हाय थो, माठ हाय का? मी फोनवर सांगतलं थेच खरं — गेम लावला का पंधरा मिनिटांत तापमानाचा आकडा नव्वदवर, मंग पंच्याण्णव, मंग धाडकन स्क्रीन काळी. काल सुरू कराले गेलो त सुरूच होऊन नाई रायला. तुमी तुमसरहून एवढ्या उन्हात गाडी हाणत आले, तुमाले खोटं कायले सांगू? थे डाग धुळीचे असतील. आमच्या चिखला गावात दिवसभर खदानीचे ट्रक जातेत, काळी धूळ नुसती — हो, थे पांढरे हायेत, बरोबर हाय. मंग पावसाचे असतील. एप्रिलमध्ये अवकाळी आला होता, टिनातून गळते आमच्या. स्क्रूले गंज? त्याच पावसाचा. अन् थे — दाखवा बरं — थे कूलरच्या जाळीतलं गवत हाय. उडून आलं असंल. हवा सुटते ना.

तुमी त्या रॅमच्या पट्ट्या पुसा अन् सुरू करून द्या जी, बस. साडेतीनच्या आत पायजे. चार वाजता ताई येऊन रायली — रुचिताताई, माही मोठी बहीण, भंडाऱ्याले नर्स हाय. बाबाले घेऊन येऊन रायली दवाखान्यातून. नऊ दिवस भरती होते बाबा. ऊन लागलं त्याहीले. — घरातच जी, खाटेवर. अठ्ठावीस वर्षं खदानीत खाली उतरला माणूस, तठी काई झालं नाई, अन् घरात ऊन लागलं. दोन वर्षांआधी लकवा मारला होता ना, उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. काई पायजे असलं का डाव्या हातानं स्टीलचा गिलास खाटेच्या पाइपावर वाजवतेत — टन् टन् — का मी जातो. आई गेल्यापासून आमी दोघंच त घरात. त्या रविवारी लाईन गेली, कूलर बंद पडला, अन् सत्तेचाळीस डिग्रीचं ऊन — टिनाचं घर, काय होईल? लाईन कोणाच्या हातात हाय का?

— अठीच बसा ना, उठले काहून? पाणी घ्या. — हो, थे तापमानाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, तुमीच सांगतलं होतं मागच्या महिन्यात फोनवर, म्हणून टाकलं. त्याच्यात सगळं लिहून रायते का जी? तारीख, टाइम, सगळं? — नाई, असंच विचारलं. ताईले बी समजते कंप्युटरचं, दवाखान्यातल्या नोंदी थेच करते. अन् बाजूच्या पंचफुलाकाकूनं तिले सांगतलं, लाईन कुठं गेली होती, मी त टीव्ही पाहून रायली होती म्हणे. काकूचं काय, तिले रविवार कोणता अन् सोमवार कोणता! पण ताईनं काल फोनवर विचारलं मले, 'आशू, त्या टाइमाले तुहा कंप्युटर चालू होता का?' मी म्हणलं बंद. बंदच होता. लाईन नव्हती त चालू कसा असंल?

— असं पाहू नका जी माह्याकडं.

बरं. कूलर लावला होता. कंप्युटरचं बाजूचं झाकण काढून, उघड्या डब्ब्याले, समोरून. मले काय मालूम कूलरची हवा ओली असते, आत पाणी बसते म्हणून! दोन-तीन वेळाच लावला, दहा-दहा मिनिटं, बाबा झोपले असले का. तुमाले समजत नाई, गेमची आमची चौघांची टीम हाय — नागपूरचा एक पोरगा कॅप्टन. आदल्या आठवड्यात माही मशीन मॅचच्या मधात बंद पडली अन् आमी हरलो. त्यानं सांगतलं, अश्विन, अजून एकदा असं झालं त तू बाहेर. त्या रविवारी क्वालिफायर होता, पुढच्या फेरीत जायाची मॅच. दोन वर्षं जी — दोन वर्षं मी बाबाचं हागणंमुतणं करून रायलो, कोणत्या पोरीचं स्थळ नाई, कोणती नोकरी नाई, गावातले पोरं पुण्याले गेले, मी अठीच. एवढी एकच गोष्ट मले येत होती. कूलर एकच घरात. मी सरकवत आणला बाबाच्या खोलीतून. म्हणलं, बाबा, अर्ध्या तासात आणून देतो. जागे होते थे. त्याहीनं डावा हात हालवला — जा, जा म्हणून. हा कंप्युटर त्याहीनंच घेऊन देल्ला मले, रिटायर झाले तवा.

— झाला सुरू? थो पंखा फिरला ना आत्ता? — हो, तीच तापमानाच्या नोंदीची फाईल. वाचा ना तुमीच. बारा चाळीस ते तीन दहा. अर्धा तास नाई, अडीच तास. अन् आकडा पाहा — एकसष्ट. एकसष्ट, बासष्ट, एकसष्ट. एकदाही पासष्टच्या वर नाई गेली. थंडगार होती मशीन. आमी जिंकलो. हेडफोन काढला कानावरचा त घर असं सामसूम… मी पळालो. गिलास खाटेखाली पडला होता. पाइपाचा रंग उडाला होता जी, एवढा, बोटभर — किती वेळ वाजवला असंल त्याहीनं? अंगावर घामाचा थेंब नाई, कोरडं, तव्यासारखं. दवाखान्यात ताप एकशे सहा निघाला.

अन् मी काय केलं माहीत हाय? आधी कूलर सरकवला. आधी कूलर, जी. परत त्याच्या जागी नेऊन लावला, तोंड खाटेकडं केलं — अन् मंग पंचफुलाकाकूले आवाज देला.

हे मी ताईले सांगतलं नाई. कोणालेच नाई. तिसऱ्या दिवशी बाबानं डोळे उघडले, ताईनं पयलं हेच विचारलं, बाबा, लाईन गेली होती का? मी खाटेच्या पायथ्याशी उभा. त्याहीनं माह्याकडं पायलं, लय वेळ पायलं. मंग डावा हात वर केला, दिव्याकडं बोट दाखवलं अन् मूठ मिटली. गेली होती म्हणून.

तुमाले एवढ्यासाठीच बोलावलं होतं. फाईल मिटवाले. गेम-गीम काई खेळाचा नाई मले आता. — काय? मीच मिटवू? आणा माऊस इकडं. एक बटण त हाय. एक बटण…

— थो हॉर्न आयकला? आले. वीस मिनिटं आधीच आले. तुमी निघा जी. नाई, स्क्रीन बंद नका करू, असू द्या तशीच. पिशवी उचला, निघा. मागून कायले जाता, समोरून जा — तिनं पायलं त पाहू द्या.

ताई! थांब, बाबाले उतरवू नको अजून. आधी इकडं ये. बाबा तुह्यासंग खोटं बोलले, माह्यासाठी.