पळीवाली बाई

सोलापूरच्या दवाखान्यात भेटीची वेळ व्हायची होती. धुळाप्पाची बायको मायाक्का ऑपरेशनपासून कुणाशी बोलेना. तो बाहेर बाकावर काळजीनं घोंगडं सावरत बसला होता. शेजारी चर्चच्या दोघी होत्या, रूथबाई आणि सोजरबाई; त्यांच्या एस्तेरचंही ऑपरेशन झालं होतं.

"सोजरबाई, आज एस्तेरला धीर द्यायचा हाय. मेलेल्या माणसाचं नाव काढू नका."

"मी कुटं काढतीय?"

"गेल्या रविवारी काढलं की. म्हणं, माझ्या मावशीचंबी असंच ऑपरेशन झालं, ती गेली."

"ऑपरेशननं न्हाय गेली. दुष्काळात सुनंनं आमटीत लई पाणी घातलं, म्हणून भांडता भांडता गेली. जीव गेला, पर मुठीतली पळी सुटंना. तशीच मयताच्या पेटीत ठिवली. पाळकसायेब म्हणत्यात, बहीण सगळं हितंच सोडून गेली, आन पेटीत पळी."

धुळाप्पानं पटक्याचं टोक तोंडात कोंबलं.

"बगा, हेच सांगितलं. एस्तेर हसली, टाके ताणले, आन नर्स माझ्यावर वरडली. मी तीन स्तोत्रं वाचली तवा कुटं ती शांत झाली."

"झोपली हुती ती."

"प्रेमानं वाचल्यावर झोप लागतीच."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"एस्तेरबाईंकडे एकीनंच या. त्या विचारतायत, पळीवाली बाई आली का?"

रूथबाईंनी बायबल मिटलं आणि मोसंब्यांची पिशवी सोजरबाईंच्या हातात दिली.

"जावा. आदी तिला पोट धरायला सांगा."

धुळाप्पा लगबगीनं उठला.

"बाई, तितनं निघाल्यावर आमच्या मायाक्काकडंबी जावा की. आपलं पळीचंच सांगा."