नेव ऐकू येतो का?

नोलीन : हाही फोटो नको. ह्यात नेवचं नुसतं कोपर आहे.

डॅरिल : कोपर तरी आहे! मघाच्यात तेही नव्हतं.

नोलीन : नवऱ्याच्या अंत्यविधीला लोकांना कोपर दाखवू? आणि कोपरापुढे सगळा तूच. केस काय, छाती काय! शर्टाची बटणं लावायला तुझी आई शिकवायला विसरली होती का रे?

डॅरिल : मी गायचो, बाई. बँडमध्ये गाणाऱ्याचेच फोटो काढतात लोक. नेव आपणहून मागे सरकायचा, ड्रमला चिकटून. विचार कोस्टाला.

कोस्टा : चिकटून नाही. माझा पाय दिसेल असा.

डॅरिल : तेच ते.

कोस्टा : तेच नाही. ड्रमच्या पेडलवरचा माझा पाय आणि तारेवरचं त्याचं बोट एकदम पडायला लागतं. तू पुढे हवा तो धिंगाणा घाल, आम्ही दोघं मागून सांभाळायचो.

नोलीन : लोक त्याला विचारायचे, तुझ्या ह्या बेस गिटारला चारच तारा कशा, दोन तुटल्या का? आणि त्या बंदरावरच्या पबात तर दरवानाने आतच सोडलं नव्हतं. म्हणे, तिकीट काढ.

डॅरिल : आणि बावळटाने काढलं की तिकीट!

नोलीन : हसू नकोस मेल्या, मलाही हसू येतंय. भांडणं त्याच्या रक्तातच नव्हतं. जाऊ दे, फोटोचं मरू दे. मला त्याचं वाजवणं हवंय. उद्या त्याला पुरून आलो की सगळे इथेच येणार, ह्या हॉलमध्ये. चहा, सँडविच, रडारड. त्यात एकदा, एकदाच, नेव ऐकू यायला हवा. अंगणात गवत कापता कापता पडला, माझ्याशी एक शब्दही बोलला नाही रे. एवढं तरी होऊ दे.

डॅरिल : होईल की! जुन्या कॅसेट आणल्यात मी. लाव रे, कोस्टा.

नोलीन : हं… हा तू. ही तुझी गिटार. हाही तूच. ही कोस्टाची आपटाआपटी. नेव कुठाय?

कोस्टा : ह्यात नाही तो.

नोलीन : का? त्या दिवशी आजारी होता?

कोस्टा : होता तिथेच. वाजवतही होता. पण ही कॅसेट माइकच्या मशीनवरून भरलीय. माइकमधून जाईल तेवढंच ह्यात येतं. नेवला माइक लागायचाच नाही. त्याच्यामागे तो कपाटाएवढा स्पीकर. सगळा पब त्याच्यावरच हलायचा.

नोलीन : दुसरी लाव.

कोस्टा : सगळ्या तशाच आहेत, नोलीन.

डॅरिल : थांबा, थांबा. माझ्या फोनवर आहे! नाताळात किनाऱ्यावरच्या सर्फ क्लबला वाजवलं ना आपण, तेव्हाचं. हे ऐक.

नोलीन : डब्यात माशी अडकल्यासारखं वाटतंय.

डॅरिल : फोनचा आवाजच एवढासा. मोठ्या स्पीकरला जोडलं की बघ.

कोस्टा : तू पाठवलेलं सकाळीच जोडून बघितलं मी. फोनने नेवचा खर्जातला आवाज पकडलेलाच नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नोलीन : अरे, पण जन्मभर वाजवलं त्याने! पोलादाच्या कारखान्यातून दमून यायचा, आंघोळ करायचा, की ते कपाट गाडीत चढवायला लागायचा. आणि एकातही नाही तो? तू खोकलास तेसुद्धा ऐकू येतंय, डॅरिल!

डॅरिल : रेकॉर्ड काढायचीच होती गं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी नक्की.

नोलीन : मग आता?

डॅरिल : माझ्या भाच्याला बोलावू? सगळी गाणी येतात त्याला.

कोस्टा : नको.

डॅरिल : अरे, छान वाजवतो!

कोस्टा : वाजवू दे. नेवला पुरून येऊन मी दुसऱ्याच्या बोटाकडे बघणार नाही.

नोलीन : आणि मी काय करू भाच्याला घेऊन?

डॅरिल : बरं, मग हे ऐका. आपण दोघंच वाजवू. नेवची गिटार खुर्चीवर ठेवू, त्याची जागा मोकळी. तो नसला की काय होतं ते कळू दे की लोकांना! काय?

नोलीन : भाषण बाकी झकास करतोस. वाजवून तर बघा. मी आत सँडविचचं बघते, पाव सुकायला लागलेत.

(दोघं एक गाणं शेवटपर्यंत वाजवतात.)

डॅरिल : काय रे हे? मध्येच घसरलास.

कोस्टा : तू पळालास.

डॅरिल : मी नेहमीसारखाच गायलो!

कोस्टा : नेहमीच पळतोस. तुझी गिटार संपायच्या आधीच तुझं तोंड सुरू होतं. नेव तो एक सूर तसाच धरून ठेवायचा, तुला आत घ्यायचा. लोकांना वाटायचं, चालच तशी आहे.

डॅरिल : मलाही तसंच वाटायचं… मग आता कुठे थांबू? सांग, थांबतो.

कोस्टा : मला काय माहीत? मी नेवकडे बघायचो.

डॅरिल : परत घेऊ या एकदा.

कोस्टा : परत घेऊन काय होणार आहे? पाय कुठे टाकायचा तेच कळेना मला. पायरी आहे म्हणून टाकावा आणि नसावीच, तसं झालं.

डॅरिल : असं नको रे बोलूस. उद्या सगळं गाव येणार आहे. काहीतरी सुचव.

कोस्टा : सुचत नाही.

नोलीन : काय रे, सुरू कधी करताय? माझं पावांना लोणीसुद्धा लावून झालं.

डॅरिल : वाजवलं की. अख्खं गाणं.

नोलीन : आत्ता?

डॅरिल : आत्ताच! घसा फोडला मी इथे. तुला ऐकू नाही आलं?

नोलीन : ठकठक आली जराशी. मला वाटलं, खुर्च्या लावताय.

डॅरिल : कमाल आहे बाई तुझी!

नोलीन : रागावू नकोस, डॅरिल. तू भिंतीतून कधी येतच नाहीस. त्या पबात मी मागे ताटं धुवायचे ना, दार लावलेलं असायचं. कोण गातंय, काय गातंय, काही पत्ता नाही. पण भिंत घुमायला लागायची. बेसिनमधलं पाणी हलायचं, माझ्या पोटात हलायचं. मी म्हणायचे, हा आहे तरी कोण? एकदा बघायला हवा. बघितला, तर हा गरीब प्राणी! टक्कल पडायला लागलेलं, एकटाच आपलं कपाट ओढत चाललाय.

कोस्टा : तू कधी बोलली नाहीस हे.

नोलीन : त्याच्यासमोर कशी बोलू? कानापर्यंत लाल व्हायचा.

डॅरिल : मग उद्या काय करू, नोलीन? वाजवू की नको? तू म्हणशील तसं.

नोलीन : वाजवा. लोक येणार, त्यांना तुझं गाणं आवडतं.

डॅरिल : आणि तुला?

नोलीन : मी आत्ता लोणी लावता लावता थांबले होते. भिंतीला हात लावून उभी होते, येड्यासारखी. म्हटलं, सुरू झालं की कळेलच.